जुनं सफरचंद कुठे गेलं? : एका खरखरीत सालीकडून संशोधनप्रश्न शिकताना



पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा पार पडली, मुलाखतीची तारीख आली, आणि ‘तुमचा संशोधनप्रश्न काय?’ या रकान्यात काय लिहावं ते सुचत नाही, अशा अर्थाचे मेसेज मला बरेच येतात. वाचताना लक्षात येतं की बहुतेकांकडे विषय असतो, प्रश्न नसतो. ‘पारंपरिक वाणांचा ऱ्हास’ हा विषय झाला. त्यावर शंभर पानं लिहिता येतील, पण त्यातून कुणालाही नवं काही कळेलच असं नाही.

आज एकच उदाहरण घेऊन विषयातून प्रश्न कसा काढायचा ते बघू. उदाहरण इथलं नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं एक जुनं सफरचंद आहे, त्याचं नाव रॉक्सबरी रसेट. मुद्दाम लांबचं घेतलंय. आपल्या आजीच्या शेतातल्या वाणाबद्दल बोलताना आपण हळवे होतो आणि पुरावा मागायला विसरतो. दुसऱ्याच्या आजीच्या बाबतीत डोकं जरा थंड राहतं.

प्रश्न असा: जे सफरचंद पिढ्यानपिढ्या न्यू इंग्लंडमधल्या तळघरांत हिवाळाभर साठवलं जायचं, ते विसाव्या शतकात बाजारातून जवळजवळ दिसेनासं का झालं?

कुणालाही विचारा, उत्तर तयार असतं. ‘दिसायला कुरूप होतं हो, लोकांना लालभडक हवं होतं.’ या उत्तरात थोडं तथ्य आहे. पण एक साधी अडचण बघा. त्याची साल १७५० मध्येही अशीच होती आणि १९५० मध्येही अशीच होती. जी गोष्ट बदललीच नाही, ती एकटी बदलाचं कारण कशी ठरेल? बदललेलं दुसरं काहीतरी असणार. ते शोधणं हे आपलं आजचं काम.

आधी ओळख करून घेऊ

चिकू डोळ्यांसमोर आणा. त्याच्या सालीसारखा तपकिरी, हाताला खरखरीत लागणारा थर हिरवट-पिवळ्या सफरचंदावर पसरलेला आहे, असं समजा. हे झालं रसेट सफरचंद. ‘रसेट’ हा शब्द इंग्लंडमध्ये जाड्याभरड्या तपकिरी लोकरी कापडासाठीही वापरला जायचा. अशा सफरचंदांना तिथे ‘लेदरकोट’ असंही म्हणत, म्हणजे चामड्याचा कोट घातलेलं फळ. शेक्सपिअरच्या ‘हेन्री चौथा’ नाटकाच्या दुसऱ्या भागात हे नाव येतं. म्हणजे रसेट हा एक वाण नाही, तो एक प्रकार आहे. त्यात अनेक वाण येतात आणि रॉक्सबरी रसेट हा त्यातला एक.

आता ‘वाण’ म्हणजे काय, हे आंब्यावरून पटकन कळेल. आपल्याकडे रायवळ आंबा आणि कलमी आंबा असा फरक आपण सहज करतो. कोयीपासून आलेलं झाड आईसारखंच फळ देईल याची खात्री नसते. म्हणून हापूस हवा असेल तर हापूसचंच कलम लावावं लागतं. सफरचंदाचंही तेच आहे, किंबहुना जास्तच. सफरचंदाचं झाड साधारणपणे स्वतःच्या परागाने फळ धरत नाही, त्याला दुसऱ्या वाणाचा पराग लागतो. त्यामुळे प्रत्येक बी ही नवी सरमिसळ असते. एका सफरचंदातल्या पाच बिया पेरल्या तर पाच वेगळी झाडं मिळतील, आणि त्यातलं एकही आईसारखं नसेल.

म्हणून आज जगात जेवढी रॉक्सबरी रसेटची झाडं आहेत, ती सगळी एकाच मूळ झाडाच्या काड्या कलम करून वाढवलेली आहेत. ते मूळ झाड कधीच मेलं. पण त्याची फांदी वेगवेगळ्या खुंटांवर आजही जगते आहे. हे नीट लक्षात ठेवा, कारण यातून पुढचा मुद्दा निघतो: असा वाण माणसाने हात लावल्याशिवाय टिकतच नाही. प्रत्येक पिढीत कुणाला तरी तो इतका उपयोगी वाटावा लागतो की तो चाकू घेऊन काडी कापेल आणि बांधेल.

नाव, तारीख आणि त्यांच्यातलं अंतर

उत्तर अमेरिकेत मूळची होती ती लहान, आंबट-तुरट रानसफरचंदं. आपण खातो त्या सफरचंदाचं मूळ मध्य आशियात, कझाकस्तानच्या आसपासच्या डोंगरांत आहे. तिथून ते युरोपात आणि सतराव्या शतकात इंग्रज वसाहतवाल्यांबरोबर अटलांटिकपार गेलं. रॉक्सबरी हे गाव १६३० मध्ये वसलं. पुढे १८६८ मध्ये ते बोस्टन शहरात सामील झालं आणि आज तो शहराचा एक भाग आहे.

‘रॉक्सबरी रसेट हे अमेरिकेतलं सर्वात जुनं नाव असलेलं सफरचंद’ हे वाक्य तुम्हाला रोपवाटिकांच्या माहितीपत्रकांत हमखास दिसेल. या वाक्यावर आपण जरा थांबू या.

पहिली गोष्ट, या मानाला दावेदार आणखी आहे. बोस्टनच्या जागी राहायला आलेला पहिला इंग्रज म्हणजे विल्यम ब्लॅक्स्टन. त्याने तिथे सफरचंदाची बाग लावली आणि १६३५ मध्ये तो आजच्या ऱ्होड आयलंडकडे निघून गेला. ‘यलो स्वीटिंग’ नावाचं सफरचंद त्याच्या नावावर सांगतात आणि तेच पहिलं, असंही म्हणतात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. रॉक्सबरी रसेटबद्दल सगळ्यात जास्त दाखला दिला जातो तो एस. ए. बीच यांच्या ‘द ॲपल्स ऑफ न्यूयॉर्क’ या दोन खंडांच्या ग्रंथाचा. जिनिव्हा गावातल्या न्यूयॉर्क कृषी संशोधन केंद्रातून हे काम झालं आणि ग्रंथ १९०५ मध्ये निघाला. त्यात हे सफरचंद १६४९ नंतर लवकरच कनेटिकटमध्ये नेलं गेलं, असं नोंदवलंय. आता वजाबाकी करा. घटना १६४९ ची, छापील वाक्य १९०५ चं. मधे २५६ वर्षं. बीच यांनी काम काळजीपूर्वक केलंय, त्याबद्दल वाद नाही. पण तुम्ही प्रबंधात ‘१६४९ मध्ये असं घडलं’ एवढंच लिहून १९०५ चा ग्रंथ दाखवला, तर परीक्षक विचारणारच, ‘यांना हे कुठून कळलं?’ म्हणून वहीत दोन रकाने करा: घटना कधीची, आणि ती पहिल्यांदा लिहिली गेली कधी. दोन तारखांमधलं अंतर जितकं जास्त, तितकं तुमचं वाक्य सावध असायला हवं.

आता नावांकडे बघा. याच सफरचंदाला बोस्टन रसेट, वॉरन रसेट, पुटनम रसेट, मॅरिएटा रसेट, बेलप्री रसेट अशी नावं मिळाली. वॉरन हे रॉक्सबरीतलं एक शेतकरी घराणं. थोरले जोसेफ वॉरन १७५५ मध्ये आपल्या बागेत सफरचंदं काढताना शिडीवरून पडून वारले. हे सफरचंद त्यांनीच तयार केलं, अशीही एक समजूत आहे. पण १६४९ ची नोंद खरी असेल, तर १७५५ मध्ये वारलेला माणूस त्याचा जनक असू शकत नाही. मग त्यांचं नाव का लागलं? त्यांचा मुलगा डॉक्टर जोसेफ वॉरन १७७५ मध्ये बंकर हिलच्या लढाईत मारला गेला आणि अमेरिकन क्रांतीचा हुतात्मा ठरला. त्याच लढाईतला दुसरा गाजलेला सेनानी म्हणजे कनेटिकटचा इझ्रायल पुटनम. या पुटनम घराण्यामार्फत १७९६-९७ च्या सुमारास ओहायो नदीकाठच्या मॅरिएटा वसाहतीत या सफरचंदाच्या काड्या पोहोचल्या आणि तिथे ते ‘पुटनम रसेट’ झालं. त्याच मुलखातल्या गावांवरून मॅरिएटा आणि बेलप्री ही नावं आली. बघा, नाव मुळाकडे जाण्याऐवजी प्रसिद्धीकडे आणि प्रवासाकडे धावलं. पण म्हणून ही नावं निरुपयोगी नाहीत. काडी कुठल्या वाटेने गेली, हे ती नावं सांगतात. पुरावा कशाचा आहे हे ओळखलं की तो वाया जात नाही.

‘हल्ली डीएनए चाचणी आहे की!’ असं माझे प्रयोगशाळेतले मित्र म्हणतील. आहे, आणि ती फार कामाची आहे. दोन वेगवेगळ्या बागांतली, वेगवेगळ्या नावांची झाडं मुळात एकाच झाडाची कलमं आहेत का, हे ती ठामपणे सांगू शकते. पण ते मूळ झाड कुणाच्या कुंपणापाशी, कोणत्या साली उगवलं, हे ती सांगत नाही. तिथे कागदच लागतात. विज्ञानातून आलेल्या आपल्यासारख्यांनी ही मर्यादा आधीच मनात पक्की केलेली बरी.

साल काय करते?

आता माझ्या आवडीच्या भागाकडे. वनस्पतीशास्त्र शिकलेल्या माणसाला इतिहासात काय काम, असं वाटत असेल तर हा भाग जरूर वाचा.

गुळगुळीत सफरचंदाच्या सालीवर क्युटिकल नावाचा मेणचट थर असतो. तो आतलं पाणी धरून ठेवतो. रसेट सफरचंदात फळ वाढताना या थराला बारीक चिरा पडतात. मग झाड जखम भरतं तसं आतून बुचाच्या पेशींचा थर तयार करतं. या पेशींच्या भिंतींत सुबेरिन नावाचा पदार्थ साठतो. बटाट्याच्या सालीतही हाच पदार्थ असतो, म्हणून दोघांचा स्पर्श सारखा. २०१५ मध्ये एका संशोधनगटाने सफरचंदातला एक जनुक दाखवून दिला. तो क्युटिकल नीट घडवायला मदत करतो, आणि त्याचं काम कमी पडलं की रसेटपणा वाढताना दिसतो.

याचा साठवणीशी काय संबंध? बुचाचा हा थर अखंड क्युटिकलइतकं पाणी अडवत नाही. म्हणून रसेट सफरचंद कोरड्या हवेत ठेवलं की सुरकुततं. थंड आणि दमट जागेत मात्र ते महिनोन् महिने छान राहतं. म्हणजे ‘हे टिकाऊ सफरचंद आहे’ हे वाक्य अर्धवटच झालं. पूर्ण वाक्य असं: हे सफरचंद विशिष्ट खोलीत टिकाऊ आहे.

ती खोली आणि ते स्वयंपाकघर

ती खोली म्हणजे न्यू इंग्लंडमधल्या शेतघराचं तळघर. मातीची जमीन, दगडी भिंती, गारवा आणि ओल. आपल्याकडे धान्यासाठी पेव असायचं, तसं तिथे कंद आणि सफरचंदांसाठी हे तळघर. रॉक्सबरी रसेट ऑक्टोबरमध्ये काढायचं, तेव्हा ते कडक आणि चांगलंच आंबट असतं. पिंपांत भरून तळघरात ठेवायचं. मधूनमधून पिंप उपसून निवडायचं, कारण एक नासका आंबा सगळी अढी नासवतो हे तिथेही खरंच. सडलेलं फळ बुरशी पसरवतं, आणि पिकणारं फळ इथिलीन वायू सोडून शेजाऱ्यांनाही पिकवतं.

साठवणीत फळ मेलेलं नसतं, ते श्वसन करत असतं. उरलेल्या स्टार्चची साखर होते, मॅलिक आम्ल हळूहळू खर्ची पडतं. म्हणून डिसेंबर-जानेवारीत ते खायला गोडसर लागू लागतं आणि चांगलं तळघर असेल तर मे-जूनपर्यंत पुरतं. उन्हाळी सफरचंदं ऑगस्टमध्ये येऊन संपून जात. शरदातली ख्रिसमसच्या आधी. मार्च-एप्रिलमध्ये बाहेर बर्फ वितळतोय, शेतात काही नाही आणि घरात ताजं फळ हवंय, तर पिंपाच्या तळाशी हेच.

स्वयंपाक त्याच हिशोबाने चालायचा. याच सफरचंदाचा पाय ऑक्टोबरात केला तर साखर जास्त लागते. फेब्रुवारीत तीच कृती कमी साखरेत भागते. वसंतापर्यंत फळातलं पाणी थोडं उडालेलं असतं, म्हणून भाजताना रस कमी सुटतो आणि खालची पारी गिचगोळा होत नाही. मधला भाग कोरून, पोकळीत मेपलचा पाक नाहीतर साखर आणि लोणी भरून, आख्खं फळ मंद आचेवर भाजायचं ही आणखी सोपी रीत. उरलेलं वाफवून सॉस, नाहीतर फोडी सुकवून ठेवायच्या. आणि सगळ्यात मोठा वाटा सायडरचा. त्या काळी आंबवलेला सफरचंदाचा रस हे न्यू इंग्लंडमध्ये रोजचं पेय होतं, आणि भरपूर साखरेमुळे हे सफरचंद त्याला उत्तम मानलं जायचं.

१७९६ मध्ये कनेटिकटमधल्या हार्टफर्डला अमेलिया सिमन्स यांचं ‘अमेरिकन कुकरी’ छापलं गेलं. अमेरिकन लेखिकेने लिहिलेलं आणि अमेरिकेत छापलेलं पहिलं पाकपुस्तक म्हणून ते ओळखलं जातं. त्यात सफरचंदाच्या पायच्या कृती आहेतच. शिवाय लेखिका सुचवते की प्रत्येक कुटुंबाने पडीक कोपऱ्यात एखादं झाड लावावं, आणि एकाच झाडावर बारा-चौदा प्रकारांची कलमं सहज करता येतात. पाकपुस्तकात कलमाची गोष्ट! आपल्याला आज स्वयंपाक आणि बागकाम हे दोन विषय वाटतात, तिला ते एकच वाटत होते. गंमत म्हणजे ओहायोला काड्या गेल्या त्याही याच सुमारास, याच राज्यातून. फळबागांचा इतिहास शोधताना पाकपुस्तकं उघडायची असतात, ती यासाठी.

मग काय बदललं?

आता आपण मूळ प्रश्नाकडे येऊ शकतो, पण तो थोडा बदलून. ‘या सफरचंदात काय वाईट होतं?’ असं विचारण्याऐवजी विचारा: ‘हे सफरचंद कोणतं काम करत होतं, आणि ते काम पुढे कुणी उचललं?’ प्रश्न असा फिरवला की पुरावे आपोआप रांगेत येतात.

काम होतं हिवाळा ओलांडून वसंतापर्यंत ताजं फळ पोहोचवण्याचं. ते काम इतरांनी एकेक करून काढून घेतलं.

पहिला टप्पा, थंडीच विकाऊ झाली. बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याने तळ्यांवरचा बर्फ कापून जहाजाने लांब देशी विकायचा धंदा १८०६ मध्ये सुरू केला. १८३३ मध्ये त्याचा बर्फ कलकत्त्याला उतरला आणि पुढच्या वर्षी मुंबईतही पोहोचला. या बर्फाच्या जहाजांतून बोस्टनची सफरचंदंही हिंदुस्थानात आली. (इथे मोह आवरा. ‘बोस्टनची सफरचंदं’ म्हणजे रॉक्सबरी रसेटच असणार, असं लिहावंसं वाटेल. वाणाचं नाव कागदावर दिसेपर्यंत ते वाक्य लिहायचं नाही.) एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी यांत्रिक शीतगृहं आली. आता कोणतंही बरं सफरचंद महिनोन् महिने थंड ठेवता येऊ लागलं. रसेटचा खास गुण आता यंत्रात आला होता.

दुसरा टप्पा, तळघर बदललं. घर तापवणारी कोळशाची भट्टी तळघरात बसवली जाऊ लागली. त्यामुळे घर ऊबदार झालं आणि तळघर कोरडं. सालीचं शास्त्र आठवा: कोरड्या हवेत रसेट सुरकुततं. शिवाय लोक शेतघरांतून शहरातल्या खोल्यांत राहायला गेले, तिथे पिंपभर सफरचंदं ठेवणार कुठे?

तिसरा टप्पा, विकत घेण्याची रीत. पिंपाने घेणारं गिऱ्हाईक नाव विचारतं, कारण त्याला पुढचे पाच महिने ते खायचंय. एकेक फळ उचलून घेणारं गिऱ्हाईक डोळ्याने निवडतं. रूपाचा मुद्दा खरा ठरतो तो इथे. साल तीच राहिली, पण ती बघण्याचा प्रसंग नवा आला. रेल्वेने लांबच्या बागांतली एकसारखी लाल फळं बाजारात आल्यावर तर तुलना अटळ झाली.

चौथा टप्पा, सायडर. दारूविरोधी चळवळी आणि बिअरची वाढ यांनी सायडरचं रोजचं स्थान आधीच ढासळलं होतं. १९२० ते १९३३ या राष्ट्रव्यापी दारूबंदीने उरलासुरला आधारही काढला.

पाचवा टप्पा, हवा बदललेली शीतगृहं. केंब्रिजमधल्या फ्रँकलिन किड आणि सिरिल वेस्ट यांनी दाखवलं की ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त ठेवला तर सफरचंदाचं श्वसन मंदावतं. १९२९ मध्ये इंग्लंडच्या केंट परगण्यात पहिलं व्यापारी वायुगृह उभं राहिलं. १९४० च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठाच्या रॉबर्ट स्मॉक यांच्या कामातून ही पद्धत न्यूयॉर्कच्या बागायतदारांपर्यंत आली. यानंतर ‘हिवाळी सफरचंद’ या शब्दाला व्यापारात फारसा अर्थ उरला नाही.

तुम्ही विचाराल, हे सगळं छान जुळतंय, पण खरं कशावरून? तुलनेसाठी दुसरं उदाहरण घेऊन बघा. प्रयोगात आपण जसा कंट्रोल ठेवतो, तसा इथे बाल्डविन हा वाण ठेवू. तोही मॅसॅच्युसेट्सचाच, साधारण १७४० च्या सुमाराचा. हिवाळाभर टिकणारा, पायला उत्तम, आणि मुख्य म्हणजे लाल. न्यू इंग्लंडच्या बाजारावर त्याचं दीर्घकाळ राज्य होतं. १९३३-३४ च्या कडाक्याच्या थंडीत त्याची असंख्य झाडं मेली. पण झाडं मेली की वाण संपत नाही. काड्या होत्याच, पुन्हा लावता आला असता. बऱ्याच बागायतदारांनी त्याच्याऐवजी मॅकिंटॉश लावलं, ते लवकर येतं आणि मुळात फार टिकत नाही. तरी चाललं, कारण टिकवायचं काम आता शीतगृह करत होतं. लाल रंग असूनही बाल्डविन मागे पडलं. म्हणजे रंगाचं कारण एकटं पुरत नाही, आणि ‘काम कुणी उचललं’ हा प्रश्न दोन्ही वाणांना लागू पडतो. एका तुलनेने सिद्धांत पक्का होत नाही, पण सोपं उत्तर डळमळीत नक्की होतं.

आणि आज?

रॉक्सबरी रसेट संपलेलं नाही. न्यू इंग्लंडमधल्या काही बागांत ते आहे, रोपवाटिका त्याची कलमं विकतात, आणि सायडर पुन्हा लोकप्रिय झाल्यावर त्याला मागणी आली. ज्यांना लावायचंय ते हिवाळ्यात सुप्तावस्थेतली काडी कापून थंड, ओलसर ठेवतात आणि वसंतात खुंटावर बांधतात. जुन्या काळी खुंट बियांपासून वाढवलेला असे आणि झाड मोठं होई. आता बुटक्या खुंटांवर झाड आटोपशीर राहतं. जवळ त्याच वेळी फुलणारा दुसरा वाण लागतो, नाहीतर फळ धरणार नाही. साठवायला आता तळघर नसलं तरी चालतं. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, छिद्रं पाडलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलं की सालीतून उडणारं पाणी पिशवीतच राहतं. मातीच्या जमिनीचं काम पिशवी करते.

पण नीट बघा, ते परत आलं ते वेगळ्या कामासाठी. पूर्वी ते गरज म्हणून होतं, आता चव आणि आवड म्हणून आहे. ‘पारंपरिक वाणाचं पुनरुज्जीवन’ असं लिहिण्याआधी हा फरक मांडावा लागेल. एप्रिलमध्ये ताजं फळ हवं म्हणून आज ते कुणाला लावावं लागत नाही.

आता तुमची पाळी

तुमचा विषय ज्वारीचा जुना वाण असो, लोणच्याचा रायवळ आंबा असो, हातमागाचं एखादं कापड असो किंवा विझत चाललेली बोली असो. रकान्यात काही लिहिण्याआधी चार गोष्टी करून बघा.

एक, ‘नाहीसं झालं’ म्हणताय त्या गोष्टीचं नेमकं काम एका वाक्यात लिहा. कुणासाठी, वर्षातल्या कोणत्या महिन्यात, कोणत्या जागेत?

दोन, ते काम आज कोण करतं ते लिहा. यंत्र, दुकान, दुसरा वाण, की ते काम करायची गरजच उरली नाही?

तीन, तुमच्या प्रत्येक तारखेसमोर ‘पहिल्यांदा लिहिली कधी’ हा रकाना भरा. छापील ग्रंथांबरोबर पाकपुस्तकं, रोपवाटिकांच्या याद्या, चित्रंसुद्धा बघा. अमेरिकेच्या कृषी खात्याने १८८६ पासून चित्रकारांकडून फळांची जलरंगचित्रं करून घेतली. अशी साडेसात हजारांहून जास्त चित्रं आज इंटरनेटवर फुकट बघता येतात आणि त्यातली निम्म्याच्या आसपास सफरचंदांची आहेत. आपल्याकडे तुमच्या विषयासाठी असं काय असू शकेल याची यादी करा.

चार, तुमच्या उत्तराला अडचणीत आणेल असं एक शेजारचं उदाहरण शोधा. तुमचं ‘बाल्डविन’ कोणतं? ते सापडलं आणि तुमचं उत्तर त्यातूनही तगलं, तर मुलाखतीत बोलायला तुमच्याकडे प्रश्न आहे. नाही तगलं, तर आणखी चांगला प्रश्न मिळाला.

हे चारही मुद्दे मिळून एक पान होईल. ते लिहून झालं की खाली कमेंटमध्ये फक्त पहिलं वाक्य टाका: ‘ही गोष्ट हे काम करत होती.’ त्या वाक्यावरूनच पुढची चर्चा सुरू करू.